अनोळखी मांजराशी ओळख कशी करायची : जाळ्यांच्या खोलीतला अनुभव



१ जून लागला, बोटी वर घेतल्या, जाळी धुऊन वाळवून खोलीत गेली की आमच्याकडे दोन तक्रारी ठरलेल्या. एक, उंदरांनी जाळं कुरतडलं. दुसरी, कुठलं तरी मांजर घरात शिरतंय, पोरं त्याच्या मागे लागतात आणि ओरबाडून घेतात. मग कोणीतरी हुशारीने म्हणतो, दोन्हीचा इलाज एकच, ते मांजर धरा आणि जाळ्यांच्या खोलीत कोंडा.

गेल्या पावसात आमच्यातल्याच एका नाखव्याच्या खोलीवर हेच झालं. खोली तापीच्या मुखाकडे, एकच दार, आत छतापर्यंत जाळी आणि दोऱ्या. एक राखाडी भाटी आठ-दहा दिवस खोलीच्या मागे यायची. नवीन खलाशी पोरगा रोज तिला मांदेलीची डोकी टाकायचा, ती खायची. पोराला वाटलं, जमली दोस्ती. एके दिवशी ती आत शिरली, हा मागून गेला, दारात उभा राहिला, वाकून दोन्ही हातांनी उचलायला गेला. भाटीने मनगटात दात रुतवले. रक्त थोडंच आलं. त्याने हात समुद्राच्या पाण्यात बुडवला, वर चुना लावला आणि कामाला लागला. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला.

पुढचं सांगतोच. पण आधी हे सांगायला हवं की त्या पोराचं चुकलं कुठे. तो मांजराच्या वाईटावर नव्हता, उलट त्याला मांजराची हौस होती. त्याने दोन गोष्टी गृहीत धरल्या. म्हावरं खाल्लं म्हणजे मांजर आपलं झालं, ही पहिली. ती आत आली म्हणजे तिला आपण हवे आहोत, ही दुसरी. तो दारात उभा राहिला तेव्हा त्या भाटीला बाहेर जायची एकमेव वाट बंद झाली, एवढंच तिला कळलं.

बंदीच्या दिवसांत ही मांजरं घरांकडे का येतात, हे आपल्याला माहीतच आहे, फक्त आपण त्याचा विचार करत नाही. दहा महिने धक्क्यावर, लिलावाच्या जागेवर, बोंबील वाळवायच्या दांड्यांखाली त्यांचं पोट भरतं. कोळंबी सोलली की डोकी, मासा कापला की आतडी, जाळं झाडलं की बारीक सारीक. एक दिवस हे सगळं बंद होतं. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मग डुमस असो, भीमपोर असो की हजीऱ्याकडची वस्ती, धक्क्यावरची मांजरं वास घेत घेत वस्तीत येतात, पावसाने भिजलेली आणि उपाशी. त्याच दिवसांत उंदीरही कोरडी जागा शोधत जाळ्यांच्या खोलीत येतात. म्हणजे आपल्याला मांजर हवं असतं तेव्हाच मांजरालाही आपण हवे असतो. फक्त त्याला आपलं अन्न आणि कोरडा कोपरा हवा असतो. आपला हात नको असतो, निदान पहिले काही दिवस तरी.

आता मांजर दिसलं की पहिली गोष्ट, ते कोणत्या जातीतलं आहे ते ओळखायचं. जात म्हणजे रंग नाही, सवय. आम्ही तीन प्रकार पाहतो. एक घरचं मांजर, कोणाचं तरी वाट चुकलेलं किंवा सोडून दिलेलं. ते माणसाकडे बघून ओरडतं, म्याव म्याव करतं, शेपटी सरळ वर उभी करून येतं. मोठी मांजरं आपापसात फारसं म्याव करत नाहीत, तो आवाज बहुतेक माणसासाठीच असतो. म्हणून जे मांजर तुमच्याशी बोलतं, ते कधीतरी माणसात राहिलेलं आहे असं समजायला हरकत नाही. दुसरं धक्क्यावरचं मांजर. हे माणसाला ओळखून असतं, चार-पाच हातांवर बसतं, टाकलेलं खातं, पण जवळ गेलं की तेवढंच मागे सरकतं. तिसरं पूर्ण रानटी झालेलं. ते आवाज करत नाही, जमिनीला चिकटून चालतं, दिवसा फारसं दिसत नाही, आपण डोळे वळवले की नाहीसं होतं.

पहिल्याशी दोस्ती दोन दिवसांत होते. दुसऱ्याशी दोन-तीन आठवड्यांत, कधी दोन महिन्यांत. तिसऱ्याच्या नादी लागू नका. ते खोलीच्या आसपास राहिलं, उंदरांवर नजर ठेवली, आपण त्याला एका ठरलेल्या जागी खायला ठेवलं, एवढाच व्यवहार त्याच्याशी चांगला. आमच्या मते निम्मे लोक चावून घेतात ते या तिसऱ्या प्रकाराला पहिला समजून.

दुसऱ्या प्रकाराचं, म्हणजे आपल्या धक्क्यावरच्या मांजराचं, जरा सविस्तर सांगतो. कारण खोली राखायला तेच कामाला येतं.

रोज एकच वेळ धरा, एकच जागा आणि एकच भांडं. खायला एकाच माणसाने घालावं. मांजर घड्याळ बघत नाही पण वेळ पक्की ओळखते, आपल्या भरती-ओहोटीसारखी. जागा अशी निवडा की मांजराला दोन्हीकडून पळता येईल. भिंतीचा कोपरा नको, खोलीच्या आत तर नकोच. भांडं ठेवा आणि मागे जा. किती मागे? मांजर मान खाली घालून खाऊ लागेल इतके. खाता खाता ते मान वर करून तुमच्याकडे बघत राहिलं तर तुम्ही जास्त जवळ आहात, अजून दोन पावलं मागे घ्या.

तिथे उभे राहू नका, बसा. ओट्यावर, उलट्या टोपलीवर, जाळं शिवत बसा. उभा माणूस मांजराला ताडाएवढा दिसतो. समोर तोंड करूनही बसू नका, जरा बाजूला वळून बसा आणि टक लावून बघू नका. मांजरं एकमेकांना टक लावून बघतात ती भांडणाच्या आधी. आमच्या एक मामी आहेत, मासे विकून आल्या की दुपारी मागच्या ओट्यावर टोपली धुतात. त्यांच्याभोवती नेहमी तीन-चार मांजरं. आम्ही विचारलं, मामी, तुमच्याकडे काय जादू आहे? त्या म्हणाल्या, "जादू कसली रे बाबा, मला त्यांच्याकडे बघायला वेळच नाही." यातलं खरं एवढंच की त्या बघत नाहीत, हात लावत नाहीत, धावत नाहीत. मांजराला तेच पाहिजे.

बघायचंच असेल तर एक पद्धत आहे. डोळे अर्धे मिटायचे, हळूच पूर्ण मिटायचे, हळूच उघडायचे आणि नजर बाजूला न्यायची. झोप आलेल्या माणसासारखं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी यावर २०२० साली अभ्यास छापला. मांजरांपुढे अनोळखी माणूस बसवला. त्याने असे हळू डोळे मिटले की मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ जास्त येत. चेहरा निर्विकार ठेवून बसला की कमी. आपल्याकडे मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून तिला लबाड ठरवलंय. पण समोर कोणी असताना मांजराने डोळे मिटले तर ती त्याला घाबरत नाही, असा त्याचा अर्थ.

आवाजाचंही बघा. आपण "शुक् शुक्" करतो, काही जण जिभेने "स्स स्स" करतात. मांजर रागावली की फिस्कारते तो आवाज याच्या जवळचा. हळू, एकसारख्या आवाजात एकच नाव घ्या. मनी म्हणा, माऊ म्हणा, काहीही, पण रोज तेच. आपली बोलायची सवय इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलायची. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० च्याही वरचा. उंदराची बारीक चूं चूं ऐकायला तो कान बनलाय. त्या कानाला आपली हाक काय वाटत असेल!

चार-पाच दिवसांनी भांडं तुमच्याकडे हातभर सरकवा. दोन दिवस तिथेच ठेवा. पुन्हा हातभर. मांजराने त्या दिवशी खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी परत मागे न्या. यात घाई करून काही मिळत नाही. एकदा धरायला गेलात की पंधरा दिवसांची मेहनत गेली, परत पहिल्यापासून.

मग एक दिवस मांजर खाऊन झाल्यावर जात नाही, तिथेच बसून पंजा चाटत राहतं. हा दिवस महत्त्वाचा. आता हात पुढे करायचा, पण त्याआधी हात साबणाने धुवायचा. हे खास आपल्या लोकांसाठी सांगतोय. आपल्या बोटांना दिवसभर म्हाव‍ऱ्याचा वास असतो. मांजराला अगदी नाकाजवळचं धड दिसत नाही, तिथे ती वासावर चालते. बोटाला बोंबलाचा वास आला तर बोट आणि बोंबील यात ती फरक करेलच असं नाही. याच कारणाने हातातून मासा भरवू नका. पोरांना यात मजा वाटते आणि चावण्याचे निम्मे प्रकार इथेच होतात.

धुतलेला हात, मूठ सैल, एक बोट जरा पुढे, मांजराच्या नाकाच्या उंचीवर. हात मांजराच्या तोंडाजवळ नेऊ नका, मध्ये वीतभर अंतर सोडा. ते अंतर तिने कापायचं. ती आली, वास घेतला आणि निघून गेली, तरी काम झालं समजा. आली आणि गाल घासला, तर परवानगी मिळाली. गालावर, हनुवटीखाली, डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेवर हळू खाजवा. तीन-चार सेकंद. मग थांबा, हात मागे घ्या. तिने परत डोकं पुढे केलं तर परत. नाही केलं तर आजचं संपलं. लंडनच्या बॅटरसी इथल्या प्राण्यांच्या आश्रयगृहात २०२१ साली हेच तपासून पाहिलं होतं. लोकांना आधी पाच मिनिटं समजावलं की मांजराला ठरवू द्या, तिचं अंग काय बोलतंय ते बघा, हात कुठे लावायचा ते सांभाळा. त्यानंतर मांजरांनी कमी पंजे मारले आणि जास्त जवळ आली.

पोट आणि शेपटीचं मूळ या जागा वर्ज्य. मांजर लोळून पोट दाखवते तेव्हा ते खाजवायचं आमंत्रण नसतं. तिथे हात घातला की चारही पंजे एकदम लागतात. शेपटी डावीकडे उजवीकडे आपटू लागली, कान बाजूला चपटे झाले, डोळ्याची बाहुली मोठी झाली, पाठीची कातडी थरथरली, की हात काढा. फिस्कारेपर्यंत वाट पाहू नका. आणि गुरगुर ऐकू आली म्हणजे खूशच आहे असंही नाही, दुखणाऱ्या मांजरीही गुरगुरतात.

खायला काय द्यायचं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही असं वाटेल. पण यात आपल्याच चुका जास्त. खारवलेलं सुकं म्हावरं देऊ नका, त्यातलं मीठ तिला सोसत नाही. रोज नुसता कच्चा मासा, विशेषतः तारलीसारखा तेलकट, एवढ्यावर मांजर आजारी पडते. उकडलेला मासा, काटे काढून, थोडा भात, हे बरं. शिंगाळ्याचं डोकं काट्यांसकट फेकू नका, तो काटा घशात अडकतो. दूध प्रेमाने ठेवतात, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात, त्यापेक्षा स्वच्छ गोडं पाणी ठेवा. कांदा-लसूण घातलेलं कालवण विष समजा. आणि ताप आला वाटलं म्हणून पॅरासिटामॉलची गोळी कुटून घालणारे लोक आम्ही पाहिलेत. माणसाची ही साधी गोळी मांजराचा जीव घेते.

आमिष लावलेले गळ उघड्यावर टाकू नका. मांजराच्या तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आत गळ असला तर आतडं फाडेल. आपल्या गुजरातेत १९६२ या नंबरवर करुणा प्राणी रुग्णवाहिका बोलावता येते, तो नंबर फोनमध्ये ठेवा.

प्राण्यांच्या उपचाराची सुरतेला नवलाई नाही, हे जाता जाता. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये जहाजाने निघून पुढे इथे आला होता. त्याने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात सुरतेतल्या, आजारी नि लंगड्या जनावरांसाठी चालवलेल्या दवाखान्याचं वर्णन केलंय. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्रे. मांजराचं नाव त्या यादीत आम्हाला सापडलं नाही. ती तेव्हाही बंदरावर मासे खात असणार.

पिल्लांचं वेगळं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला तर ते जन्मभर माणसाला घाबरत नाही. तो काळ गेला की मेहनत कित्येक पटीने वाढते. म्हणून खोलीत भाटी व्याली तर ती संधी आहे. पण पिल्लं दिसली की लगेच उचलायची नाहीत. भाटी खायला गेलेली असते, किंवा एकेक करून जागा बदलत असते. लांबून काही तास बघा. ती आली तर तिला खायला घाला, पिल्लांना नको. ती तुमच्याकडे बघून उठून गेली नाही की मग रोज थोडा वेळ पिल्लांना हात लावायला सुरुवात करा. भाटी साधारण नऊ आठवड्यांत विते आणि दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एका पावसात आलेली एक भाटी पुढच्या पावसापर्यंत अख्खी फौज उभी करते. मग सगळी वस्ती वैतागते आणि कोणीतरी विष घालतं. पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्या. बोक्याची केली तर जाळ्यांवर मुतण्याची खोडही बहुधा कमी होते, आणि तो वास जाळ्यातून काढणं काय असतं हे ज्याने काढलाय त्यालाच माहीत. एखाद्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर बहुतेक कोणीतरी हे काम आधीच केलेलं आहे.

ओलपाड, बारडोलीकडे उसात किंवा खाडीकाठच्या झुडपात पिल्लं सापडली तर मात्र हात लावू नका. ती रानमांजराची असू शकतात. लहानपणी अंगावर पट्टे असल्याने ती घरच्या मांजरासारखीच दिसतात. मोठं रानमांजर ओळखता येतं, पाय लांब, शेपटी आखूड, तिच्या टोकाकडे काळी वलयं, कानाच्या टोकावर काळे केस, अंग वाळूच्या रंगाचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पाळता येत नाही. पिल्लं जिथे आहेत तिथेच ठेवून वन खात्याला कळवायचं. आई बहुतेक वेळा जवळच असते.

आता उंदरांचं खरं सांगतो, नाखवा मंडळींना आवडो न आवडो. मांजर ठेवलं की उंदीर संपले, असं होत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका कचऱ्याच्या कारखान्यात ७९ दिवस कॅमेरे लावून बघितलं होतं, २०१८ साली ते छापून आलं. तिथे भटकी मांजरं होती आणि मोठे उंदीरही भरपूर. इतक्या दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर दोन. पण मांजरं दिसत त्या दिवशी उंदीर बिळातून कमी बाहेर पडत. आपला अनुभव तसाच आहे. चुचुंद्र्या, लहान उंदीर मांजर धरते. घुशीच्या वाटेला ती जात नाही, शहाणी आहे. तिच्या वावराने उंदीर जाळ्यापर्यंत यायला बिचकतात, एवढा फायदा. बाकी काम आपलं. जाळं मासळीच्या वासासकट कोंबून ठेवलं तर दहा मांजरांनी काही होणार नाही. धुवा, पूर्ण वाळवा, जमिनीवर न ठेवता टांगा, भिंतीपासून लांब ठेवा, दाराखालची फट पत्र्याने बुजवा. आणि मांजर असलेल्या ठिकाणी उंदराचं विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, तोच मांजराला आधी सापडतो.

१९९४ चा सप्टेंबर ज्यांनी सुरतेत काढला, त्यांना उंदीर या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्लेगच्या बातमीने शहर रिकामं झालं होतं. आजही दक्षिण गुजरातमध्ये दर पावसात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण निघतात, उंदराच्या मुतातून पाण्या-चिखलात येणारा आजार. जाळ्यांची खोली आवरताना बूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. मांजर आहे म्हणून यात सूट मिळत नाही. मेलेला मोठा उंदीर मांजराच्या तोंडातून हाताने ओढून घेऊ नका.

नाळेत कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिने उचलू नये, दुसऱ्याने हातमोजे घालून उचलावी. त्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही, हात धुणं आणि घाण न उचलणं पुरतं.

आता त्या पोराकडे येतो.

मांजराचा दात सुईसारखा बारीक. जखम वरून दिसत नाही, पण घाण खोल जाते आणि वरचं तोंड लगेच मिटतं. म्हणून हात सुजतो, कधी एका रात्रीत. त्याहून मोठी भीती रेबीजची. तो फक्त कुत्र्याचा आजार आहे असं समजणारे अजून आहेत. मांजरालाही होतो आणि तिच्याकडून माणसालाही येतो. एकदा लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर तो हमखास टळतो.

चावली किंवा ओरबाडलं तर ताबडतोब वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. चुना, मिरची, हळद, तेल, डिझेल काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. मग थेट सरकारी दवाखाना. सुरतेत नवी सिव्हिल आहे, महानगरपालिकेचं स्मिमेर आहे. कातडीवर नुसता ओरखडा, रक्त नाही, तरी लस. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते मागून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. दंडाच्या कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. ज्या मांजराने चावलं ती पुढचे दहा दिवस धडधाकट दिसली तर चांगली खूण आहे, पण ती बघत बसण्यासाठी पहिली लस थांबवायची नसते. आणि जी अनोळखी मांजर उगाच अंगावर येते, किंवा रानटी असून अचानक लाडात येते, लाळ गाळते, झोकांड्या खाते, तिच्याजवळ जायचंच नाही.

आपल्या धंद्यात अडचण येते ती शेवटच्या लशीला. पोराला जुलैच्या उत्तरार्धात चावलं. पहिल्या तीन लशी बंदीतच झाल्या, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने कान धरून नेलं. हाताची सूज औषधाने आठ दिवसांत उतरली. अठ्ठावीसावा दिवस आला तो हंगाम उघडल्यावर, ऐन फेरीच्या मध्यात. पोरगा म्हणाला, आता काही होत नाही, पहिली फेरी बुडली तर वाटा जाईल. नवीन पोराला पहिल्या फेरीचा वाटा म्हणजे काय, ते आम्हालाही कळतं. शेवटी तांडेल म्हणाला, "तुझा वाटा मी धरून ठेवतो, पण तू बोटीवर पाय ठेवायचा नाहीस." पोरगा किनाऱ्यावर राहिला, लस घेतली, दुसऱ्या फेरीला गेला. वाटा त्याला मिळाला. सगळ्याच बोटींवर असं होईल असं नाही, म्हणून नाखव्यांना सांगणं आहे की बंदीत कोणा खलाशाला कुत्रं-मांजर चावलं असेल तर त्याच्या लशीच्या तारखा बोटीच्या वहीत लिहून ठेवा आणि फेरी ठरवताना त्या बघा.

मांजर बोटीवर न्यावं का, हेही लोक विचारतात. जुनी सवय आहे ही. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं, ते २००४ मध्ये जाहीर झालं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच, म्हणजे ते कोणाच्या तरी होडीतून गेलं असणार. पण तेव्हाच्या होडीत डिझेल इंजिन, विंच आणि नायलॉनचं जाळं नव्हतं. बारीक तंगुसाच्या जाळ्यात मांजराचा पंजा अडकला की ती ओढत राहते आणि दोरा मांसापर्यंत रुततो. असं किनाऱ्यावर झालं तर तिच्यावर जाड गोणपाट टाका, जाळ्याचा तेवढा तुकडा कात्रीने कापा, ओढू नका. जाळं शिवता येतं. बोटीवर मांजर नको, असं आमचं मत आहे.

दुसऱ्या गल्लीतलं मांजर पोत्यात घालून खोलीत आणण्याचाही उपयोग नाही. दार उघडलं की ते जुन्या जागेकडे पळतं, वाटेत गाडीखाली येतं. जे आधीच तुमच्या खोलीभोवती फिरतंय त्याच्याशीच ओळख करा. तिला आत-बाहेर करायला खाली एक लहान भोक ठेवा, आत गोणपाट टाकलेलं खोकं उंचावर ठेवा.

त्या राखाडी भाटीचं आम्ही पुढे असंच केलं. पोराने चावल्यावर तिला मारू दिलं नाही, हे त्याचं मोठेपण. दहा दिवस ती रोज दिसते का, एवढंच बघितलं. दिसली. मग त्याने भांडं बाहेर भिंतीपासून लांब नेलं, स्वतः उलट्या टोपलीवर बसून दोरी विणत राहिला. दिवाळीच्या सुमारास ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसू लागली. यंदा मे महिन्यात जाळी आत ठेवली तेव्हा ती आधीच खोलीत होती, वरच्या खोक्यात. पोराने अजून तिला उचललेलं नाही. तो दारातून आत जाताना बाजूला होतो, तिला जायला वाट ठेवतो आणि मग काम सुरू करतो.